दाबून धरल्यावर उघडणारा मेनू: नवख्या डेव्हलपरसाठी

फोंडा परिसरातल्या उत्सवी नाटकांच्या यादीचं तुझं अ‍ॅप पाहिलं. नाटकाचं नाव दाबून धरलं की उघडणारा मेनू तू जावास्क्रिप्टमध्ये स्वतः रंगवलायस. तो काढून टाक, असं मी मनापासून सांगेन. आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टीमचाच मेनू मिळतो. मागचं धूसर होणं, ओळ उचलली जाणं, हलकी थरथर, व्हॉइसओव्हरची (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीची) साथ, सगळं आयतं. हे हाताने जुळवत बसलास तरी बोटाला फरक कळतोच.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हसाठी (जावास्क्रिप्टमधून मोबाइल अ‍ॅप बनवायची चौकट) हा सिस्टीमचा मेनू आणून देणारी झीगोसारखी लायब्ररी घे. ती एक्स्पो गोमध्ये, म्हणजे कोड लगेच चालवून पाहायच्या तयार अ‍ॅपमध्ये, मात्र चालणार नाही, कारण तिचा नेटिव्ह कोड (थेट फोनच्या सिस्टीमसाठी लिहिलेला) त्यात नसतो. डेव्हलपमेंट बिल्ड, म्हणजे तो कोड धरून चाचणीसाठी बांधलेलं स्वतःचं अ‍ॅप, करावाच लागतो. नवीन माणूस बहुतेक इथेच अडतो आणि लायब्ररीला दोष देतो. ओळीवरचा जुना ऑनलाँगप्रेसही (दाबून धरल्यावर चालणारा तुझा कोड) काढ, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भिडतील.

अँड्रॉइडवर आयफोनची नक्कल करायचा हट्ट नको. तिथल्या पॉपअप मेनूत आयकॉन आपोआप दिसत नाहीत. ते दाखवायची अधिकृत सोय अँड्रॉइड १० मध्ये आली. म्हणून शब्दच स्पष्ट ठेव: ‘आठवण लाव’, ‘नकाशा’, ‘यादीतून काढ’. शेवटचा पर्याय डिस्ट्रक्टिव्ह (काहीतरी काढून टाकणारा) म्हणून नोंदव, आयफोन तो आपोआप लाल दाखवतो.

आणि जत्रेला येणाऱ्या ज्येष्ठ प्रेक्षकांना दाबून धरायचं असतं हे कोण सांगणार? मेनूतली प्रत्येक गोष्ट नाटकाच्या पानावर साध्या बटणानेही मिळू दे.