डाउनलोड केलेल्या फाइलची डिजिटल सही बघून ॲडवेअर ओळखता येतं का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला तुमचं सेवा केंद्र आहे, पीडीएफ जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलंत आणि तेव्हापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं, जाहिराती थांबत नाहीत. मित्र म्हणाला, पुढच्या वेळी फाइलची डिजिटल सही बघ. ती कशी बघायची आणि तिच्यावर किती विसंबायचं, हे तुम्हाला हवंय.

मी चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. सही जरूर बघा. पण सही आहे एवढ्यावर थांबू नका, ती कोणाची आहे ते वाचा. ॲडवेअरवर, म्हणजे तुमच्याकडे घुसलंय तसल्या नको त्या जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बऱ्याचदा अगदी वैध सही असते.

आधी रीत सांगतो. फाइल उतरली की चालवण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे डिजिटल सिग्नेचर्स असा टॅब दिसेल. टॅबच नसेल तर फाइलवर सही नाही. असेल तर यादीतलं नाव निवडून डिटेल्स दाबा; सही ठीक असल्याचं वाक्य तिथे वरच यायला हवं. हे दाबणं टाळू नका. सही झाल्यावर कोणी फाइलमध्ये फेरफार केला तरी यादीत नाव दिसत राहतं, सही जुळत नाही हे आत गेल्यावरच कळतं. सही करताना फाइलचा एक गणिती ठसा काढतात आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीशी बांधतात, त्यामुळे आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. झिप फाइल असेल तर ती सोडवून आतली सेटअप फाइल तपासा.

प्रॉपर्टीजमध्ये बाहेरही एक डिटेल्स टॅब असतो. त्यात उत्पादनाचं नाव, कॉपीराइट वगैरे लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. तो मजकूर फाइल बनवणारा हवा तसा टाइप करू शकतो. फाइलचं नाव आणि चित्र यांचंही तेच.

तुमच्याकडे लोक डिजिटल सहीचा सातबारा काढायला येतात, 15 रुपयांचा. त्यावरची सही काय सांगते? उतारा सरकारी नोंदीतून आलाय आणि नंतर कोणी त्यात खाडाखोड केलेली नाही, एवढंच. जमिनीवर भाऊबंदांचा वाद आहे का, बांध सरकलाय का, हे ती सही सांगत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते वाचल्याशिवाय कोणी इसार देत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र सही दिसली की आपण नाव न वाचताच पुढे जातो.

हे मी 2021 मध्ये शिकलो. 22 जुलैच्या पुरात आमची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पुढचे कित्येक आठवडे लोक मिळेल तिथून वापरलेली मशीन आणत होते आणि मी ती उभी करून देत होतो. एका दुकानदाराने घाईत, सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरून प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, उतरवला. फाइलचं नाव प्रिंटरच्या मॉडेलचं, चित्रही त्याच कंपनीचं, सही वैध. पण सहीतलं नाव प्रिंटर बनवणाऱ्यांचं नव्हतं, कधी न ऐकलेल्या भलत्याच कंपनीचं होतं. तो मुळात ड्रायव्हर नव्हताच. ती ड्रायव्हर आणून देणारी मधली फाइल होती, आणि तिने सोबत एक टूलबार आणि कॉम्प्युटर वेगवान करण्याचं आमिष दाखवणारं एक सॉफ्टवेअर आणून बसवलं. दुकानातला चिखल अजून निघाला नव्हता आणि त्या माणसाच्या डोक्याला हा आणखी ताप. ते नाव वाचायला दहा सेकंद लागली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सहीतलं नाव आणि तुम्ही ज्यांचं सॉफ्टवेअर घ्यायला गेलात त्यांचं नाव जुळतं का ते बघा. व्हीएलसीवर व्हिडिओलॅन दिसायला हवं, फायरफॉक्सवर मोझिला कॉर्पोरेशन, लिबरऑफिसवर द डॉक्युमेंट फाउंडेशन. फाइल चालवताना विंडोज परवानगी विचारतं त्या चौकटीतही हे नाव येतं. चौकट पिवळी आणि पब्लिशर अननोन असेल तर सही नाही किंवा ती मान्य झालेली नाही.

सही नाही म्हणजे फाइल वाईटच, असंही नाही. झिप फाइल सोडवणारं 7-झिप वर्षानुवर्षं सहीशिवाय मिळत आलंय आणि ते चांगलं सॉफ्टवेअर आहे. सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, शिवाय जून 2023 पासून त्याची किल्ली तुमच्या डीएससी टोकनसारख्या (डिजिटल सही करायला यूएसबीत लावतात त्या) वेगळ्या उपकरणात ठेवणं सक्तीचं झालंय. एकट्याने फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. अशी फाइल फक्त मूळ साइटवरून घ्या.

उलट बाजूही बघा, आणि ती तुमच्या अगदी जवळची आहे. 2025 मध्ये ॲपसूट पीडीएफ एडिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर जाहिरातींतून पसरवलं गेलं. त्यावर वैध सह्या होत्या. जवळपास दोन महिने ते गप्प होतं, मग ऑगस्टमध्ये त्याने ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) चोरायला सुरुवात केली. 2017 मध्ये तर कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या 5.33 आवृत्तीत, खऱ्या कंपनीच्या खऱ्या सहीखाली, घुसखोरांनी घातलेला कोड निघाला. तिथे नाव वाचूनही काही कळलं नसतं. म्हणून शंका असेल तर सेटअप फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघा; ही साइट एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून दाखवते. मात्र गिऱ्हाइकांचे आधार, उतारे, दाखले तिथे कधीही टाकू नका. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना पाहता येते.

आता तुमचं मशीन. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीची तारखेप्रमाणे मांडणी करा आणि त्या दिवशी आलेलं अनोळखी सगळं काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, तपासा. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनखाली, नको असलेली ॲप्स रोखण्याचा पर्याय असतो, तो चालू करा आणि मग पूर्ण स्कॅन करा. हे होईपर्यंत त्या मशीनला डीएससी टोकन लावू नका, पोर्टलवर लॉगिनही करू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. यात गिऱ्हाइकांच्या नावावर केलेली लॉगिनंही धरा. त्यांनी ती तुमच्या भरवशावर दिलीत, तेव्हा बदलल्याचं त्यांनाही कळवा.