निवृत्त मेजर वडील ७२व्या वर्षी गेले. नागपूरला असलेल्या आईला पेन्शन किती, कशी मिळेल?

आईंना वडिलांच्या मूळ पेन्शनच्या साधारण 60 टक्के फॅमिली पेन्शन मिळेल, वर महागाई सवलत. कारण अधिकाऱ्याची पेन्शन शेवटच्या पगाराच्या 50 टक्के असते आणि फॅमिली पेन्शन त्याच पगाराच्या 30 टक्के. पेन्शन 50,000 असेल तर 30,000. हिशेब कम्युटेशनआधीच्या (म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याआधीच्या) आकड्यावर करा. बँकेत जमा होणारी रक्कम धरली की घोळ होतो. वडील 67च्या आत गेले असते तर काही काळ वाढीव दर लागू झाला असता, इथे नाही.

आधी ‘स्पर्श’ या संरक्षण दलांच्या पेन्शन पोर्टलवर मृत्यूची नोंद करा. उशीर झाला तर जास्तीची जमा झालेली पेन्शन परत जाते. लागेल ते:
- मृत्यू दाखला (निधन कामठी कॅन्टोन्मेंट हद्दीत झालं असेल तर महापालिकेचा नव्हे, तिथल्या बोर्डाचा)
- पीपीओ (वडिलांची पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश)
- आईंचं आधार, पॅन, बँक पासबुक

घोडं अडतं ते बहुतेक नावावर. पीपीओत ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनताई’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मदत मिळते.