वेळ मिळाला, तरी लक्ष सुटत नाही

बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा कामावर जायला लागलेल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा वेळेचा असतो. ऑफिस, बाळ, स्वयंपाक, सासू-सासरे, नवरा आणि सगळ्यात शेवटी, जरा संकोचत, ‘मी’. एवढं सगळं एका दिवसात बसवायचं कसं? प्रश्न रास्तच आहे. पण अडचण तासांची असते त्यापेक्षा दुसऱ्याच कशाची तरी जास्त असते, असं मला वारंवार दिसलं आहे. मानसीची गोष्ट त्यासाठीच सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

मानसी 31 वर्षांची. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात कामाला, राहायला मोशीत. मुलगा साडेसात महिन्यांचा. नवरा रोहित आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. मानसीची रजा संपली तशा सासूबाई बाळासाठी कोरेगावहून येऊन राहिल्या होत्या. सासरे गावी एकटे, शेती आणि दोन म्हशी सांभाळत.

ती आली ती एक्सेलमध्ये केलेलं वेळापत्रक घेऊन. पहाटे पावणेपाचपासून रात्री अकरापर्यंत रंगीत पट्ट्या. ऑफिसची निळी, बाळाची पिवळी, स्वयंपाकाची हिरवी. रात्री साडेनऊ ते दहा एक बारीकशी गुलाबी पट्टी होती, तिच्यावर लिहिलं होतं ‘मी’. “मॅडम, ही पट्टी महिनाभरात एकदाही पाळता आलेली नाही. माझं नियोजन कुठे चुकतंय तेवढं सांगा,” ती म्हणाली.

वेळापत्रक मी बाजूला ठेवलं. नव्या आईशी बोलताना आधी झोप, भूक आणि मन या तिन्हींची चौकशी करावी लागते. बाळ झोपल्यावर तरी झोप लागते का? बाळाशी खेळताना बरं वाटतं का? सारखं रडू येतं का? स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार कधी डोकावतो का? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो विचारायचाच असतो. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी 1987 साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली मी अशा वेळी वापरते. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दलचे. त्यावरून निदान होत नाही, पण पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं का, ते कळतं. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढेही उदासी टिकली, तर ते अंगावर काढू नये. गोव्यातल्या मातांवर झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळलं होतं. म्हणजे हे दूरदेशीचं दुखणं नाही, आपल्याच घराघरांतलं आहे. बोलायला कुणी नसेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मानसीला नैराश्य नव्हतं. पण जिना चढताना दम लागतो, केस मूठमूठ गळतात, दुपारी स्क्रीनसमोर डोळे मिटतात, हे तिने बोलता बोलता सांगितलं. मी तिला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रक्त व थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. थायरॉइड ठीक होतं. हिमोग्लोबिन 9.4 आलं. ते 12 च्या वर हवं. बाळंतपणानंतर दिलेल्या लोहाच्या गोळ्या माहेरी असेपर्यंत आई आठवणीने देत होती. बार्शीहून परत आल्यावर त्या बंद पडल्या, त्या पडल्याच. देशपातळीवरच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तरीही थकलेली बाई आधी स्वतःच्या शिस्तीला दोष देते आणि आणखी पहाटे उठायचं ठरवते, याचं मला फार वाईट वाटतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्याने सगळं सुटलं नाही, पण पुढचं बोलायला तिच्या अंगात त्राण आलं.

मग मी तिला म्हटलं, “एखादा तास तुला मिळाला होता, असा दिवस आठव आणि त्या तासात काय काय झालं ते सांग.”

तिला एक रविवार आठवला. रोहित म्हणाला होता, “तू जा, तासभर झोप. मी बघतो त्याला.” ती आत जाऊन पडली. पाच मिनिटांनी दार उघडलं, “झबली कुठल्या कप्प्यात आहेत?” थोड्या वेळाने, “नाचणीचं सत्त्व किती पाण्यात शिजवायचं?” मग, “रडतोय, भूक लागली असेल का? आताच तर खाल्लं ना त्याने?” त्यानंतर कुणी आलं नाही, तरी तिचे कान दाराकडेच. बाळ कुरकुरलं की ही उशीवरून मान उचलायची. तास पूर्ण व्हायच्या आतच रोहित बाळाला घेऊन आला, “हा आता तुझ्याशिवाय राहत नाहीये.”

“झोपले नव्हते मी, नुसती पडले होते,” ती म्हणाली.

हे ऐकल्यावर मी तिला घरचा अभ्यास दिला. दिवसभरात काय करतेस ते लिहू नकोस, डोक्यात काय काय सांभाळतेस ते लिही. पुढच्या भेटीला ती चार पानं भरून घेऊन आली. डायपर किती उरले. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. बाळाची नखं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे. कामवाल्या मावशी गुरुवारी येणार नाहीत. नणंदेच्या मुलीचा वाढदिवस. फ्रिजमध्ये काढून ठेवलेलं दूध कोणत्या दिवसाचं. गेल्या वर्षीची झबली कुणाला द्यायची. यातलं एकही तिच्या रंगीत वेळापत्रकात नव्हतं, कारण याला ठरावीक वेळच नसते. हे सगळं दिवसभर मागे चालूच असतं, विक्रेत्याशी दरावरून बोलतानाही.

रोहितला बोलावलं, तो लगेच आला. चांगला, मनमोकळा मुलगा. “मी सगळं करायला तयार आहे मॅडम. तिने फक्त सांगावं,” तो म्हणाला. हे वाक्य मी किती तरी नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते बहुतेक मनापासूनच बोलतात. मी मानसीला ती चार पानं मोठ्याने वाचायला सांगितली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तो म्हणाला, “यातलं निम्मं असतं हेच मला माहीत नव्हतं.”

देशात 2019 साली वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. रोहित 97 मिनिटांच्या बराच पुढे होता, त्याचं त्याला श्रेय द्यायला हवं. पण काय उरलंय, काय संपलंय, पुढे काय येणार आहे याचा हिशोब मिनिटांत येत नाही. तो हिशोब मानसीकडेच राहिला, म्हणून तिच्या हातात आलेला तास तिचा होत नव्हता.

म्हणून वेळापत्रक पुन्हा आखण्याऐवजी आम्ही कामं पूर्णच्या पूर्ण वाटली. डॉक्टर आणि लसी रोहितकडे. म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, जाऊन येणं, नंतर ताप आला तर औषधाचं बघणं, सगळं. डायपर आणि बाळाचं सामान त्याच्याकडे. संध्याकाळी सात ते साडेआठ बाळ त्याचं; काय खाऊ घालायचं, कुठला शर्ट घालायचा, तो ठरवेल. आणि मानसीने त्यात सूचना करायची नाही. विचारलं तरी शक्यतो “तू बघ” एवढंच म्हणायचं.

हे शेवटचं फार जड गेलं. पहिल्याच आठवड्यात डायपर संपले. दुपारीच तिने पाहिलं होतं की दोनच उरलेत. ती बोलली नाही. रात्री अकराला रोहित उघडं मेडिकल शोधत फिरत होता. “पोटात कालवत होतं मॅडम, पण गप्प बसले,” तिने सांगितलं. तेव्हापासून डायपरची आठवण तिला ठेवावी लागलेली नाही.

इथे आयांशीही थोडं स्पष्ट बोलायला हवं. सगळी सूत्रं हातात धरून ठेवण्यामागे नुसती काळजी नसते. ज्या घरात सून म्हणून बाकी कशात फारसं विचारलं जात नाही, तिथे बाळाच्या बाबतीत तरी आपला शब्द चालतो, हे मोठं समाधान असतं. ते सोडायला सांगितलं की हातचं काही काढून घेतल्यासारखं वाटतं. मानसीलाही वाटलं. म्हणून घरखर्च, सणांना कुणाकडे जायचं, सुट्टी कुठे घालवायची, या बाबतीतही तिचं मत विचारलं जाईल, हे त्याच बैठकीत बोलून घेतलं.

सासूबाईंनाही मी भेटायला बोलावलं. सून आणि मुलगा दोघेही त्यांच्याबद्दल बोलत होते, पण त्यांच्याशी कुणी बोललेलं नव्हतं. त्या बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “मी किती दिवस राहायचं, हे मला कुणी विचारलंच नाही.” गुडघे दुखत होते. मालक गावाकडं शेजारच्या घरी जेवतात, ते त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. नातवावर जीव होता, पण दिवसभर साडेसात महिन्यांचं रांगतं पोर सांभाळणं साठीनंतर सोपं नसतं. सुनेने काढून ठेवलेलं दूध त्या बाळाला देत नव्हत्या, त्याऐवजी वरणाचं पाणी आणि पातळ भात भरवायच्या. “फ्रिजातलं गार दूध लेकराला कसं द्यायचं?” संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर भरलेली बाटली तशीच दिसली की मानसीला रडू यायचं, आणि सासूबाईंना ते रडणं का, हे कळत नव्हतं.

यावर सुनेने समजावून उपयोग नव्हता. पुढच्या वेळी रोहित बाळाला डॉक्टरांकडे नेताना आईलाही घेऊन गेला. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, आईचं काढलेलं दूध साध्या तापमानाला, फार उकाडा नसेल तर, चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. गॅसवर तापवायचं नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवायची. सासूबाईंनी ते लगेच मानलं. आता कोणती बाटली कोणत्या दिवसाची, हे ओळखायला त्या रोज वेगळ्या रंगाचं रबर लावतात. ती त्यांचीच युक्ती.

ऑफिसमध्ये मानसी दूध काढायची ती बाथरूममध्ये, घाईघाईत, जेवणाची सुट्टी मोडून. कंपनीकडे काही मागणं म्हणजे उपकार मागणं, असं तिला वाटे. तसं नाही. मातृत्व लाभाचा मूळ कायदा 1961 चा. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीने आली हे बहुतेकींना ठाऊक असतं. पण मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत कामावर, नेहमीच्या सुट्टीशिवाय, स्तनपानासाठी दोन विराम मिळतात, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हे अनेकींना माहीत नसतं. मानसीने एचआरला सरळ ईमेल केला. प्रथमोपचाराच्या खोलीला आतून कडी बसली, दोन विराम मिळाले. पाळणाघराचं ‘बघू’ वर अडलं आहे; ती पाठपुरावा करते आहे. कामाच्या स्वरूपाप्रमाणे शक्य असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दल कंपनीशी बोलायची मुभाही त्याच दुरुस्तीने आली. रजेवर जाण्याआधीच हे बोलून ठेवलं तर बरं पडतं.

आणि ती गुलाबी पट्टी? तिची जागा बदलली. मंगळवारी आणि शुक्रवारी सात ते साडेआठ मानसीने घरात थांबायचंच नाही, असं ठरलं. घरात असलं की कान दाराकडे लागतात. पहिल्या दिवशी ती सोसायटीच्या गेटबाहेर गेली आणि दोनदा घरी फोन केला. नंतरच्या खेपेला गाडीत बसून शेंगदाणे खाल्ले. तिला वाटलं, हा वेळ वाया गेला. काही शिकायला हवं होतं, निदान चालायला तरी. मी म्हटलं, काही केलंच पाहिजे असं नाही. बाळाला सोडून जाणारी आई, या विचाराने ती आधी फार अस्वस्थ व्हायची. बाळ त्याच्या बापाजवळ असतं, हे दोघांनाही हळूहळू अंगवळणी पडलं. आता ती एका मैत्रिणीकडे जाते, कधी नुसतीच फिरून येते.

सगळ्यांच्या घरी रोहित नसतो, हे मला माहीत आहे. काहींचा नवरा परगावी, काही एकट्याच मूल वाढवतात, काहींच्या नवऱ्याला ही चार पानं ऐकायचीच नसतात. अशा वेळी मी यादी घेऊन बसते आणि तिच्यातून काय चक्क काढून टाकता येईल ते बघते. रोज तीन प्रकारची भाजी लागत नाही. सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस सांभाळावे लागत नाहीत. परवडत असेल तर पैसे देऊन काम करून घेण्यात कमीपणा नाही. बहीण, मावशी, शेजारीण यांपैकी कुणी आठवड्यातून एक संध्याकाळ नक्की घेत असेल, तर ती ठरलेली संध्याकाळ ‘कधीही हाक मार’ म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बाळ दहा महिन्यांचं झाल्यावर सासूबाई कोरेगावला परत गेल्या. मोशीतच एक पाळणाघर रोहितने बघून ठेवलं होतं. आधी आठवडाभर अर्धा दिवस, मग पूर्ण. सासूबाई दिवाळीनंतर येणार आहेत, किती दिवस ते त्याच ठरवतील. मानसी आणि रोहितची भांडणं थांबलेली नाहीत. पाळणाघरात गेल्यापासून बाळाला सर्दी-ताप वरचेवर येतो, आणि अशा दिवशी रजा कुणी टाकायची यावर जुंपते, कारण महिनाअखेरीला तिचीही कामं अडलेली असतात आणि त्याचीही. सध्या एकाआड एक रजा, असं ठरलं आहे. गेल्या वेळी पाळी त्याची होती आणि त्याने ती घेतली.