सिगारेट कायमची सोडण्यासाठी ती हळूहळू कमी करावी की एकदम बंद करावी?

एकदम बंद करावी. उत्तर खरे तर इथेच संपले असते; परंतु प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "की हे सारे इच्छाशक्तीवरच अवलंबून असते?" असे एक वाक्य जोडले आहे आणि ते वाचून मला गप्प राहवेना. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून दहा वर्षे ऐकत होतो, आणि दर वेळी ते ऐकताना माझ्या हातात नुकतीच पुन्हा पेटवलेली सिगारेट असे.

मी सोळा वर्षे दिवसाला वीस सिगारेटी ओढल्या. सुटली त्याला आता नऊ वर्षे झाली, आणि ती सातव्या प्रयत्नात सुटली. पहिल्या चार प्रयत्नांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ते सगळे दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ ते चौथ्या दिवसाची सकाळ एवढ्या पट्ट्यात कोसळले. निकोटीन बंद झाल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो आणि नंतर तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; मला वाटे की आयुष्यभर असेच राहणार आहे.

पाचवा प्रयत्न तुम्ही विचारता तोच, हळूहळू कमी करण्याचा. त्यासाठी मी एक वही केली, प्रत्येक दिवसाला चौकटी आखल्या आणि दहा आठवड्यांत विसावरून चारावर आलो. कागदावर ही मोठी प्रगती होती. प्रत्यक्षात त्या चार सिगारेटी मी अशा ओढत असे की थोटूक बोटांत धरता येत नसे. ते नखांच्या टोकांत पकडून मी शेवटचा झुरका घेई आणि फिल्टरचा कागद ओठाला चिकटून सोलून निघे. फिल्टरभोवती डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक छिद्रांची एक ओळ असते. तिच्यातून हवा मिसळून धूर सौम्य व्हावा अशी योजना असते. त्या काळात माझी बोटे नेमकी त्याच ओळीवर बसत, आणि हे मी जाणूनबुजून करत नव्हतो. शरीराला आपला नेहमीचा हप्ता ठाऊक असतो. सिगारेटी कमी केल्या की ते प्रत्येकीतून अधिक वसूल करते. शिवाय उरलेला सगळा दिवस मी घड्याळाकडे पाहत काढी. जिच्यापासून सुटायचे होते तिलाच मी दिवसातून चार वेळा मिळणारे बक्षीस करून ठेवले होते. दहाव्या आठवड्यात कामावर एक वाईट दिवस उगवला आणि त्या दिवसाच्या चौकटीत मी २३ हा आकडा लिहून वही मिटली.

हा केवळ माझा नाकर्तेपणा होता असे नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६९७ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने दोन आठवडे कमी करत जाऊन ठरलेल्या दिवशी सोडली, दुसऱ्याने त्या दिवशी एकदम सोडली, आणि सिगारेटऐवजी निकोटीन पुरवणाऱ्या पट्टीसारख्या औषधांची मदत दोन्ही गटांना होती. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, तर हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनंतर हेच प्रमाण २२ आणि साडेपंधरा टक्के होते. "दिवसाला एकच ओढतो" या समाधानातही फारसा अर्थ नाही. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे.

ती वही दादाला सापडली. त्याने ती सगळ्यांसमोर चाळली आणि म्हणाला, "हिशेब ठेवून कधी व्यसन सुटतं का? मनात आणावं लागतं. मी आणलं, सुटली." त्याची खरोखरच एका दिवसात सुटली होती, त्यामुळे त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नसे. मी ईर्ष्येने सहावा प्रयत्न केला. कसलेही औषध घेतले नाही, कोणाशी बोललो नाही, नुसता दात-ओठ खाऊन अकरा महिने काढले. बाराव्या महिन्यात एका सहकाऱ्याने पाकीट पुढे केले आणि मी "आता एकाने काय होणार" म्हणून एक घेतली. ती बेचव लागली, डोके गरगरले, आणि तरीही आठवडा संपण्यापूर्वी मी पुन्हा विसावर होतो. दादा एवढेच म्हणाला, "मन कच्चं आहे तुझं." ते मी वर्षभर मनात धरून होतो.

सातव्या वेळी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इच्छाशक्तीचा विषयही काढला नाही. सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटवता, एवढेच विचारले. मी दहा मिनिटे म्हणालो. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची चघळायची गोळी चार मिलिग्रॅमची लागते, दोनची नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि जोडीला दंडावर लावायची पट्टी दिली. ती गोळी च्युइंगमसारखी सतत चघळत राहायची नसते. जिभेला चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावायची आणि मग गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. मी पहिले दोन दिवस ती चघळून रस गिळला आणि उचक्या व जळजळ यांनी हैराण झालो. कॉफीसारखे आम्लधर्मी पेय घेतल्यानंतर पंधरा मिनिटे ती तोंडात टाकू नये, कारण मग निकोटीन नीट शोषले जात नाही. कॉफीचा आणखी एक घोळ कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकत असते, आणि सिगारेट थांबली की तेवढ्याच कपांनी रक्तातले कॅफीन जवळपास दुप्पट होते. माझे हात थरथरत होते, झोप उडाली होती, आणि मी सगळा दोष तलफेला देत होतो. कॉफी निम्मी केल्यावर चार दिवसांत झोप लागू लागली.

"एक सोडलंस आणि दुसरं धरलंस," असे दादाने यावरही सुनावलेच. निकोटीन माणसाला बांधून ठेवते, पण जीव जातो तो मुख्यतः धुरामुळे, त्यातल्या डांबरामुळे आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे, हे त्याला कोण समजावणार? गोळ्या मी पाच महिने घेतल्या आणि मला त्याची यत्किंचितही लाज वाटत नाही.

एकदा बोलता बोलता मी डॉक्टरांना दादाचे उदाहरण दिले. तो सोडतो म्हणाला तेव्हा नुकताच कावीळ होऊन अंथरुणाला खिळला होता, हे ऐकताच ते हसू लागले. विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत सिगारेटची अचानक शिसारी येणे हे जुने, माहितीतले लक्षण आहे! म्हणजे ज्या तीन दिवसांत मी चार वेळा आपटलो, ते तीन दिवस दादाने धुराच्या नुसत्या वासाने उलटी येत असताना काढले होते. मी घरी जाऊन हे त्याला शक्य तितक्या आनंदाने ऐकवले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कावीळ दोन महिन्यांत बरी झाली. पुढची दहा वर्षं काय माझ्या यकृतानं सोडली?"

याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. सोडणे त्याला फुकट मिळाले होते, पण त्यानंतर त्याने "फक्त एक" कधीही घेतली नाही, आणि मी अकरा महिन्यांनी घेतली होती. तुमच्या प्रश्नातल्या 'कायमची' या शब्दाचे उत्तर एवढ्यात आहे. मात्र पहिले काही दिवस केवळ मनाच्या बळावर काढा असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. त्या दिवसांत घरात पाकीट, लायटर, राखेचे भांडे काहीही ठेवू नका, ओढणाऱ्यांत बसू नका, आणि तलफ काही मिनिटांत उतरते हे ध्यानात ठेवून तेवढी मिनिटे हाताला काम द्या. चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, खोकला उलट वाढल्यासारखा वाटेल आणि वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढू शकेल. याच्या बदल्यात काय मिळते ते ब्रिटनमधील डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसते: साठाव्या वर्षी सोडल्यास आयुष्याची सुमारे ३ वर्षे वाचतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी जवळपास १०.

वर एवढे ठामपणे लिहिले असले तरी हे एका माणसाचे शरीर आहे, हे सांगायला हवे. गरोदरपणात, हृदयविकाराचा ताजा झटका येऊन गेला असल्यास किंवा मानसिक आजारावर औषधे चालू असल्यास, गोळी-पट्टी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. धूर थांबल्यावर काही औषधांची मात्राही बदलावी लागते. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या औषधाच्या गोळ्या मी घेतलेल्या नाहीत, पण त्या चिठ्ठीवरच मिळतात आणि साधारणपणे सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात, तेव्हा तारीख आधी ठरवून मग डॉक्टरांकडे धावू नका; आधी त्यांना भेटा आणि मग तारीख ठरवा.