पोफळीच्या खोडावर पांढरे चट्टे आणि त्यात काळ्या रेघा दिसतात. ही लायकेनची नवी प्रजाती असेल का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरच्या तुमच्या वाडीत पोफळींवर असे चट्टे आहेत, रेघा मोडी लिपीसारख्या दिसतात आणि इंटरनेटवरच्या कुठल्याच फोटोशी जुळत नाहीत.

नवी असू शकते, पण नुसत्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे 'हो' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी पुण्यात दोन वर्षं लायकेनच्या प्रकल्पावर होतो, त्यातला बराच वेळ असल्या रेघा कापण्यातच गेला.

वर्णनावरून हे ग्राफिडेसी कुळातलं क्रस्टोज लायकेन वाटतं. गोड्या मसाल्यातलं दगडफूल पानासारखं सुटून येतं, हे मात्र खपलीसारखं चिकटलेलं असतं. आत बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात, नाव मात्र बुरशीचं. काळ्या रेघा म्हणजे तिची फळं, बीजाणू त्यातच असतात.

ती रेघ ब्लेडने आडवी कापायची, हातानेच, पारदर्शक होईल इतकी पातळ. माझे दहातले आठ काप वाया जायचे. मग पाहायचं: रेघेच्या भिंतीचा काळा थर तळापर्यंत गेलाय की नुसता कडेला आहे? बीजाणूत फक्त आडवे पडदे आहेत, की उभेही आहेत, विटांच्या भिंतीसारखे? आयोडीन घातलं की या कुळातल्या ग्राफिस वंशाचे बीजाणू जांभळट होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि लायकेनमध्ये नॉरस्टिक्टिक आम्ल हे रसायन असलं, तर काप आधी पिवळा, मग लाल होतो आणि काचपट्टीवर लाल सुया उगवायला लागतात. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी अख्खी लॅब गोळा केली होती. बाकीच्यांनी त्या शंभरदा पाहिलेल्या होत्या.

खरा घाम पुढे निघतो. नवी म्हणण्याआधी ती जुनी नाही हे दाखवावं लागतं. पूर्वी बीजाणूंचा रंग आणि पडदे एवढ्यावरच ग्राफिस, ग्राफिना, फिओग्राफिस, फिओग्राफिना असे चार वंश पाडले होते. 2002 मध्ये लायकेन अभ्यासक बेटिना श्टायगर यांनी ती मांडणी मोडली, त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच लायकेनची नावं वेगळी सापडतात. माझी 'नवी' प्रजाती चार महिन्यांनी श्रीलंकेतली जुनीच निघाली. मूळ वर्णन लॅटिनमध्ये, जेमतेम चार ओळींचं, रसायनांचा उल्लेखही नाही. डीएनएची मदत होते, पण खपलीत दुसरी बुरशी शिरलेली असली तर तिचाच डीएनए हाती लागतो.

एवढं करूनही वेगळी ठरली, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून संग्रहात ठेवतात आणि वर्णन प्रसिद्ध करतात. 2013 पासून नव्या नावाला मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांकही लागतो.

तुम्ही एक करा. धारदार सुरीने पातळ ढलपी काढा. खोल कापू नका, पोफळीची जखम आंब्यासारखी भरून येत नाही. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरा चढतो. पाकिटावर तारीख, गाव, झाड आणि जमिनीपासूनची उंची लिहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतल्या लायकेनचा जुना संग्रह आहे, तिथे आधी विचारून मग पाठवा. आणि थोडा चट्टा झाडावर राहू द्या. पहिल्या ढलपीतले बीजाणू कच्चे निघाले, तर त्याच झाडाकडे परत जावं लागेल.