रेड इअर्ड स्लायडर या परदेशी पाळीव कासवाच्या टाकीत मस्क टर्टल (दुसऱ्या जातीचं छोटं परदेशी कासव) किंवा विहिरीत सापडलेलं देशी कासव ठेवता येईल का?

नका ठेवू. बाजारात स्लायडर नाण्याएवढं मिळतं, म्हणून जागा पुरेल असं वाटतं. पण त्याची मादी वाढून २५ ते ३० सेंमीची होते, मस्क टर्टल जेमतेम १०-१३ सेंमीवर थांबतं. स्लायडर जोरात पोहतं, खाणं पडताच तुटून पडतं. मस्क मात्र तळाशी चालत चालत खाणं शोधणारं, त्यामुळे ते उपाशीच राहतं. मग चावाचावी सुरू होते. शेपटीचं टोक आणि मागच्या पायांची बोटं नीट बघत जा, पहिल्या जखमा तिथेच दिसतात. वयात आलेला स्लायडर नर तर दुसऱ्या कासवाच्या तोंडापुढे लांब नखं थरथरवत सतत मागे लागतो. समोरचं कासव डोकं आत ओढून बसतं, ऊन खायलाही वर येत नाही. याला खेळणं समजू नका, तो त्रास आहे.

शिवाय एकाच्या अंगातले जंतू दुसऱ्या जातीला बाधू शकतात, वरून दिसायला दोघंही ठणठणीत असली तरी.

विहिरीतलं कासव तर घरात ठेवूच नका. आपली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आणि स्लायडर नकोसं झालं तरी तळ्यात सोडू नका, ते तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येतं.