जुन्या ढंगाची गिटार घेताय? आधी नेक बघा

प्रश्न : दादा नमस्कार, मी परभणीला असतो, आतापर्यंत अकॉस्टिकच वाजवलीये. संभाजीनगरला एक जण स्क्वायरची (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) क्लासिक वाइब टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार विकतोय, बटरस्कॉच कलर, काळी पिकगार्ड, एकदम 50 च्या दशकातली वाटते. मागच्या आठवड्यात भर उन्हात जाऊन बघून आलो, पहिल्या चार-पाच फ्रेटला (नेकवरच्या म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांना) तार खरखर करते आणि वरती कॉर्ड धरला की बेसूर लागतो. तो म्हणतो सेटअप (नेक, तारांची उंची, सूर यांची जुळवणी) केला की सगळं नीट होईल. खरंय का? घेऊ का? इकडं सेटअप करणारा कोणी माहिती नाही.

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी सेटअपच्याच दिसतायत, त्यामुळं त्याचं म्हणणं खरं असू शकतं, पण "सगळं" हा शब्द सोडून द्या. ब्रिज (तारांचा खालचा टेकू), पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाची) उंची, ट्यूनिंग हे घरी बसून नीट करता येतं. पिळलेली नेक आणि झिजलेले फ्रेट येत नाहीत, आणि स्वस्तातल्या गिटारीचं रिफ्रेटिंग करायचं (नवे फ्रेट बसवायचे) म्हणजे, विशेषतः मेपलच्या लॅकर मारलेल्या फिंगरबोर्डवर, खर्च डोईजड होतो. म्हणून परत जाल तेव्हा रंगाकडं बघूच नका. ब्रिजच्या बाजूनं एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघा, एक कड वर एक खाली दिसली तर तिथूनच माघारी या. मग पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्यात का ते बघा, आणि बाराव्याच्या पुढं प्रत्येक फ्रेटवर बारीक तार बेंड करून बघा, मधेच आवाज मरत असेल तर फ्रेट वरखाली आहेत. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात, नेकवरून बोट फिरवलं की कळतं, ते कानशीनं घासता येतं, त्याला घाबरू नका.

आता खरखर. फक्त सुरुवातीच्याच फ्रेटला होतेय म्हणजे नेक बहुतेक फार सरळ झालीये किंवा मागं वाकलीये, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात हे नेहमीचंच आहे आणि पाऊस लागला की तीच नेक पुन्हा पुढं येते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघायची, साधारण 0.25 मिमी हवी. मोजायला टू-व्हीलरच्या गॅरेजमधलं टॅपेट सेट करायचं फिलर गेज चालतं, अगदी मस्त चालतं. फट नसेलच तर हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) डावीकडं पाव फेरा ढिला करा, ट्यून करा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी परत मोजा. अ‍ॅलन की बरोब्बर मापाचीच पाहिजे, ढिली की वापरून रॉडचा नट गोल झाला की मग काही खरं नाही.

बेसूरपणासाठी आधी तारा बदला, जुन्या तारांवर निकाल देऊच नका. या गिटारीच्या खुंट्या जुन्या पद्धतीच्या, पोस्टला मधोमध चीर असलेल्या असतात, तार आधी कापून टोक मधल्या भोकात खाली घालायचं आणि मग गुंडाळायची. नंतर सतराव्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 मिमीच्या आसपास आणा आणि मगच इंटोनेशन (वरच्या फ्रेटलाही सूर बरोबर लागावा म्हणून तारेची लांबी जुळवणं). बाराव्या फ्रेटवर तार दाबून आलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तार न दाबता हलकं बोट टेकवून छेडल्यावर येणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) मागं घ्या, उतरा असेल तर पुढं. पण इथं तीनच सॅडल, दोन तारांत एक. या गिटारीचा जनक लिओ फेंडरनी 1950 ला ही रचना आणली तेव्हा तिसरी (G) तार वरून बारीक तार गुंडाळलेली असायची, आज आपण साधी लावतो, त्यामुळं ती थोडी चढीच राहते. जोडीतल्या दोन्ही तारांची चूक अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, यापेक्षा जास्त या ब्रिजकडून मागू नका.

नेक सरळ आणि फ्रेट शाबूत असतील तर नक्की घ्या, सेटअपसाठी पुण्याला पाठवायची गरज नाही. पेंट ओरखडलेला असेल तर भाव पाडून मागा.

प्रश्न : लातूरहून लिहितेय. माझी सिंगल कॉइल गिटार घरी सतत गुणगुणते, तारांना हात लावला की कमी होतं. गिटार खराब आहे का?

उत्तर : नाही ताई, गिटार ठीक आहे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप घरातल्या लाइनचा 50 हर्ट्झचा हम (गुणगुण) पकडतोच. तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, हात लावला की तुमच्या अंगानं पकडलेला आवाजही तिकडं जातो. ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरपासून लांब बसून बघा, गिटार हळूहळू फिरवा, एका दिशेला हम बराच पडतो. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अँप लगेच बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी सोडत राहावं लागतं. आणि अँपची तिसरी पिन काढून टू-पिन सॉकेटला कधीही लावू नका.